कै. शिवराम जानबा कांबळे आणि लष्करभरतीचा लढा

लष्करातील नोकरी म्हणजे आपल्या वाडवडिलांना केवळ पोटाची सोय नव्हती. तीत पगार होता, निवृत्तिवेतन होते, आणि गावात ज्या मुलांस शाळेच्या ओट्यावरही बसू देत नसत, त्यांना पलटणीच्या शाळेत अक्षरओळख होई. कोरेगावच्या जयस्तंभावर १८१८ सालच्या लढाईत पडलेल्यांची जी नावे कोरलेली आहेत, त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हे उपपद आम्हांस आढळते.

असे असता १८९२-९३च्या सुमारास महारांची भरती सरकारने बंद केली. काही जातीच तेवढ्या लढवय्या, ही समजूत त्या काळी लष्करी अधिकाऱ्यांत रूढ झाली होती. काल ज्यांचे शौर्य दगडावर कोरले, ते आज एकाएकी नालायक ठरले! गोपाळबाबा वलंगकर यांनी या अन्यायाविरुद्ध अर्ज लिहिला. पुढे ते काम ज्यांनी नेटाने चालविले, ते कै. शिवराम जानबा कांबळे होत.

यांचा जन्म १८७५ साली झाला. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलरची चाकरी करीत असता त्यांनी इंग्रजीचा व्यासंग केला. मोठी पदवी नाही, पाठीशी धनिक नाही. तरीही सासवड येथे ५१ गावांच्या महारांची सभा भरवून त्यांनी सरकारकडे अर्ज धाडला. त्याखाली १,५८८ जणांच्या सह्या होत्या. एवढ्या सह्या गोळा करण्यास किती पायपीट पडली असेल, याचा आम्ही विचार करतो तेव्हा मन थक्क होते. अर्ज फेटाळला गेला. कांबळे खचले नाहीत. १९०८च्या जुलैत त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले, आणि १९१० साली तीच मागणी थेट विलायतेस भारतमंत्र्यांपुढे मांडली: पोलिसात व लष्करात आम्हांस घ्या.

अर्जाने जे साधले नाही, ते महायुद्धाने साधले. १९१४ नंतर शिपायांचा तुटवडा पडला, आणि १९१७ साली १११वी महार पलटण उभारण्यात आली. माणसे तीच होती, छातीचे मापही तेच. सरकारची गरज मात्र बदलली होती. गरज सरताच, १९२१ साली, पलटण मोडली.

पुढे दुसरे महायुद्ध पेटले, पुन्हा माणसे कमी पडू लागली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ही मागणी नव्याने उचलून धरली. १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. ती आजही भारतीय सैन्यात आहे.