हेन्री लॉंगहर्स्ट

हेन्री कार्पेंटर लॉंगहर्स्ट (१८ मार्च, १९०९ – २१ जुलै, १९७८) हे इंग्लिश गोल्फ-लेखक, दूरचित्रवाणी समालोचक आणि काही काळ ब्रिटिश संसदेचे सदस्य होते. व्यावसायिक गोल्फ स्पर्धा घरबसल्या पाहण्याची सवय ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत रुजत असताना बीबीसी व सीबीएस या वाहिन्यांवरून त्यांचा आवाज लाखो प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. मोजके बोलणे आणि योग्य वेळी गप्प राहणे ही त्यांच्या समालोचनाची ओळख होती.

बालपण व शिक्षण

लॉंगहर्स्ट यांचा जन्म इंग्लंडमधील बेडफर्डशायर परगण्यातील ब्रोमहॅम येथे झाला. त्यांचे प्राथमिक शिक्षण ईस्टबोर्न येथील सेंट सिप्रियन्स या निवासी शाळेत झाले. प्रसिद्ध लेखक जॉर्ज ऑरवेल हेही त्यांच्या काही वर्षे आधी याच शाळेत शिकत होते. ऑरवेल यांनी पुढे या शाळेचे आणि तिच्या संचालिका श्रीमती विल्क्स यांचे अत्यंत कटू चित्र रंगवले. लॉंगहर्स्ट यांनी मात्र आपल्या आत्मचरित्रात विल्क्सबाईंचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. एकाच शाळेविषयीच्या या दोन परस्परविरोधी साक्षी इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांना आजही विचारात घ्याव्या लागतात. पुढील शिक्षण चार्टरहाउस शाळेत व केंब्रिज विद्यापीठाच्या क्लेअर महाविद्यालयात झाले. विद्यापीठाच्या गोल्फ संघाचे कर्णधारपदही त्यांनी भूषवले.

खेळाडू व पत्रकार

लॉंगहर्स्ट हे स्वतः उत्तम हौशी खेळाडू होते. १९३६ मध्ये त्यांनी जर्मन हौशी अजिंक्यपद जिंकले, तर १९३७ मध्ये फ्रेंच हौशी स्पर्धेत ते उपविजेते ठरले. तथापि त्यांची खरी ख्याती लेखणीमुळे झाली. 'द संडे टाइम्स' या साप्ताहिक वृत्तपत्राचे गोल्फ प्रतिनिधी म्हणून त्यांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ काम केले. गोल्फ न खेळणारे वाचकही त्यांचे सदर आवडीने वाचत, कारण खेळाच्या निमित्ताने ते प्रवास, माणसे आणि मानवी स्वभाव यांविषयी लिहीत. ब्रिटिश गोल्फ-लेखनात बर्नार्ड डार्विन यांच्यानंतरचे महत्त्वाचे नाव म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

दुसऱ्या महायुद्धात ते विमानविरोधी तोफखान्यात होते. १९४३ च्या पोटनिवडणुकीत पश्चिम लंडनमधील ॲक्टन मतदारसंघातून ते हुजूर पक्षातर्फे निवडून आले. १९४५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाच्या लाटेत त्यांचा पराभव झाला आणि ते पुन्हा पूर्णवेळ पत्रकारितेकडे वळले.

दूरचित्रवाणी समालोचन

क्रिकेट किंवा फुटबॉल यांच्या तुलनेत गोल्फचे प्रक्षेपण अवघड असते. मैदान विस्तीर्ण असते, एकाच वेळी अनेक होलवर खेळ चालू असतो आणि दोन फटक्यांच्या मध्ये बराच वेळ जातो. आकाशात उडालेला लहानसा पांढरा चेंडू कॅमेऱ्याने टिपणेही कठीण असते. त्यामुळे सुरुवातीच्या काळात कॅमेरे प्रामुख्याने अखेरच्या काही होलजवळ, उंच मचाणांवर बसवले जात. समालोचकही अशाच मचाणावर बसून समोरच्या लहान पडद्यावर लक्ष ठेवीत असे.

नभोवाणीवर सर्व काही शब्दांतून उभे करावे लागते. दूरचित्रवाणीवर मात्र प्रेक्षकाला चित्र दिसतच असते, हा भेद लॉंगहर्स्ट यांनी नेमका ओळखला. दिसत असलेली गोष्ट पुन्हा सांगण्याऐवजी चित्रात नसलेले तेवढेच ते सांगत. खेळाडू फटक्यासाठी उभा राहिला की ते थांबत. अमेरिकेत सतत बोलत राहण्याची पद्धत प्रचलित असल्याने तेथील प्रेक्षकांना हा संयम नवा वाटला आणि लवकरच प्रियही झाला. ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेत सीबीएसकरिता त्यांची जागा सोळाव्या होलजवळच्या मचाणावर असे. तळ्याच्या काठाने जाणारा हा छोटा होल त्यांच्या आवाजाशी कायमचा जोडला गेला.

१९७५ च्या मास्टर्स स्पर्धेच्या अंतिम दिवशी याच होलवर जॅक निक्लॉस यांनी सुमारे ४० फुटांवरून चेंडू होलमध्ये घातला. त्यांचे प्रतिस्पर्धी टॉम वाइसकॉफ व जॉनी मिलर हे त्या वेळी मागे, त्याच होलच्या आरंभस्थानी उभे राहून ते पाहत होते. निक्लॉस यांनी ती स्पर्धा अवघ्या एका फटक्याच्या फरकाने जिंकली. या प्रसंगाचे प्रक्षेपण गोल्फप्रेमी आजही आवर्जून पाहतात.

छोट्या फटक्याचे भय

होलजवळच्या हिरवळीवर चेंडू हलकेच ढकलण्याच्या फटक्याला 'पट' म्हणतात. हा फटका मारताना हात अकस्मात झटका देतात किंवा जखडतात, अशी एक व्याधी गोल्फपटूंना जडते. इंग्रजीत ती 'यिप्स' या नावाने ओळखली जाते. लॉंगहर्स्ट यांना ती जडली आणि तिच्यामुळेच अखेरीस त्यांनी खेळणे सोडले. एकदा जडली की ती सुटत नाही, असे त्यांचे मत होते.

१९७० मध्ये सेंट अँड्रूज येथील ओपन अजिंक्यपद स्पर्धेत अमेरिकेच्या डग सँडर्स यांना विजेतेपदासाठी शेवटच्या होलवर केवळ तीन फुटांच्या आसपासचा पट घालायचा होता. फटक्याच्या तयारीत असताना ते खाली वाकले, चेंडूच्या मार्गात खडा वाटलेली वस्तू दूर करू लागले आणि मग नीट न सावरताच त्यांनी चेंडू मारला. तो चुकला. दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक फेरीत निक्लॉस एका फटक्याने विजयी झाले. बीबीसीवर समालोचन करणाऱ्या लॉंगहर्स्ट यांना ते भय स्वानुभवाने ठाऊक होते. त्यामुळे त्यांच्या स्वरात दोष देण्यापेक्षा सहानुभूती अधिक होती. पराभूताकडे पाहण्याची ही दृष्टी त्यांच्या एकूण कामाचाच विशेष ठरली.

ग्रंथलेखन व निवासस्थान

गोल्फ, प्रवास आणि आत्मपर आठवणी अशा विषयांवर त्यांनी अनेक पुस्तके लिहिली. 'ॲडव्हेंचर इन ऑइल' (१९५९) हा ब्रिटिश पेट्रोलियम कंपनीचा इतिहास आहे, तर 'माय लाइफ अँड सॉफ्ट टाइम्स' (१९७१) हे त्यांचे आत्मचरित्र आहे. ससेक्समधील क्लेटन येथील 'जॅक' व 'जिल' या दोन जुन्या पवनचक्क्या त्यांनी १९५३ मध्ये विकत घेतल्या आणि तेथेच ते राहू लागले.

अखेर व वारसा

अखेरच्या वर्षांत कर्करोगाने ग्रासले असतानाही त्यांनी समालोचन चालू ठेवले. २१ जुलै, १९७८ रोजी वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बीबीसीवरील त्यांचे सहकारी, माजी व्यावसायिक खेळाडू पीटर ॲलिस यांनी त्यांच्या पश्चात प्रमुख समालोचकाची जबाबदारी सांभाळली आणि २०२० मधील आपल्या मृत्यूपर्यंत ते बीबीसीशी निगडित राहिले. ब्रिटिश शासनाने लॉंगहर्स्ट यांना 'सीबीई' हा सन्मान दिला होता. २०१७ मध्ये त्यांचा मरणोत्तर समावेश जागतिक गोल्फ कीर्तिमंदिरात करण्यात आला.