भांड्यांच्या पाण्यातलं विज्ञान

तर्री-पोहे खाऊन झाल्यावर प्लेट पाण्यात बुडवली की वर तेलाचा लाल तवंग पसरतो. त्यात साबणाचा एक थेंब टाका, तवंग झटक्यात कडेला पळतो. आपण प्लेट धुतो आणि विसरून जातो. अ‍ॅग्नेस पॉकेल्स नावाची मुलगी मात्र अशाच पाण्याकडे बघत राहिली, आणि पुढे त्यातूनच आपल्या श्वासाचं एक गुपित उलगडलं.

अ‍ॅग्नेसचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ चा, व्हेनिसमधला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. त्यांची तब्येत ढासळली आणि १८७१ मध्ये कुटुंब जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला आलं. शाळेत तिला विज्ञानाची भारी आवड. पण पुढे काय? तेव्हा तिथे मुलींना विद्यापीठात प्रवेशच नव्हता. धाकटा भाऊ फ्रिडरिख फिजिक्स शिकायला गेला. अ‍ॅग्नेसच्या वाट्याला स्वयंपाक, भांडी आणि आजारी आईवडिलांची सेवा आली. भाऊ पुस्तकं पुरवायचा, ती घरीच अभ्यास करायची.

वयाच्या विशीच्या आसपास तिने घरीच एक साधन बनवलं. पत्र्याचा उथळ, लांबट ट्रे काठोकाठ पाण्याने भरायचा आणि वर एक पट्टी आडवी ठेवायची. पट्टी सरकवली की तवंगाची जागा कमी-जास्त होते. तराजूला टांगलेलं छोटं बटण पाण्याला टेकवायचं आणि ते सुटायला किती जोर लागतो ते मोजायचं. हाच पाण्याचा पृष्ठताण. तवंग एका मर्यादेपलीकडे दाबला की हा ताण एकदम उतरतो, हे तिला दिसलं.

पण ऐकणार कोण? ना पदवी, ना प्रयोगशाळा. १० जानेवारी १८९१ ला तिने थेट इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. त्यांनी ते ‘नेचर’कडे पाठवलं आणि मार्चमध्ये ते छापून आलं. पुढे घरच्या आजारपणांत तिचं संशोधन मागे पडत गेलं. १९३२ मध्ये पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी अमेरिकेच्या लँगम्यूर यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी सत्तरीच्या अ‍ॅग्नेसला ब्राउनश्वाइगने मानद डॉक्टरेट दिली. १९३५ मध्ये ती गेली.

आता श्वासाकडे येऊ. फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्या आतून ओल्या असतात, आणि पाण्याचा ताण त्यांना मिटवू पाहतो. म्हणून ‘टाइप-टू’ पेशी सर्फॅक्टंट सोडतात. हे मुख्यतः लिपिड, म्हणजे स्निग्ध पदार्थ, आणि थोडी प्रथिनं यांचं मिश्रण. एसपी-बी आणि एसपी-सी ही प्रथिनं त्याचा पातळ थर पसरवतात. श्वास सोडताना थर दाबला जातो आणि ताण उतरतो, अगदी अ‍ॅग्नेसच्या ट्रेसारखा. १९५७ मध्ये जॉन क्लेमेंट्स यांनी फुप्फुसाच्या अर्कावर असाच ट्रे वापरून हे दाखवलं.

गंमत म्हणजे वापरलेलं लिपिड शरीर फेकून देत नाही. त्याच टाइप-टू पेशी त्यातलं बरंचसं परत आत ओढतात, नव्या मालासोबत साठवतात आणि पुन्हा बाहेर सोडतात. हा हिशोब सांभाळायला एसपी-ए आणि एसपी-डी या प्रथिनांची मदत होते. उरलेलं मॅक्रोफेज नावाच्या पेशी साफ करतात.

वेळेआधी जन्मलेल्या बाळात हा थर पुरेसा नसतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं. आज एनआयसीयूत अशा बाळाच्या श्वासनलिकेत नळीने सर्फॅक्टंट सोडतात. बाहेरून आलेल्या त्या लिपिडचाही काही भाग बाळाच्या पेशी उचलतात आणि पुन्हा वापरतात.

यातलं काहीच अ‍ॅग्नेसला कळलं नाही. तिने फक्त घरच्या पाण्यावरचा तवंग नीट मोजला होता.