शाळा नसलेल्या विद्येचा विद्यार्थी : दादासाहेब फाळके

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव सर्वपरिचित आहे. तथापि, चित्रपट शिकविणारी एकही संस्था देशात नसताना ही विद्या त्यांनी कशी मिळविली, याकडे सहसा लक्ष जात नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात प्रवेश घेतला. पुढे वडील बंधूंसमवेत ते बडोद्यास गेले व चित्रकला शिकले. तेथील कलाभवनात प्राचार्य गज्जर यांनी त्यांचे गुण हेरून छायाचित्रणाचा स्टुडिओ व प्रयोगशाळा त्यांच्या हाती सोपविली. त्यानंतर रतलामला तिरंगी ब्लॉक बनविण्याचे तंत्र, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, लोणावळ्याचा छापखाना असे टप्पे आले. वरवर विस्कळीत वाटणारे हे शिक्षण पुढे चित्रपटासाठीच कामी आले.

मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून त्यांनी नवा ध्यास घेतला. सतत चित्रपट पाहणे, रात्री जागून अभ्यास करणे यांमुळे त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परत येताच विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांची निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी काम जवळून पाहिले व कॅमेरा घेऊन ते परतले.

भांडवलदारांचा विश्वास बसावा यासाठी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखविली. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामे पत्नी सरस्वतीबाईही शिकल्या. दागिने गहाण पडले. अखेर ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

मिळविलेली विद्या त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. चित्रपट कसा तयार होतो, हे दाखविणारा लघुपट त्यांनी काढला आणि ‘नवयुग’ मासिकातून त्यावर लेखनही केले. १९२७-२८ च्या चित्रपट चौकशी समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. उत्तरायुष्य मात्र आर्थिक विवंचनेत गेले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

पुण्यात चित्रपट शिक्षणाची सरकारी संस्था १९६० मध्ये स्थापन झाली. आज बीड जिल्ह्यातील शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावातील तरुणही तिची प्रवेश परीक्षा देऊ शकतो. फाळक्यांच्या वाट्याला अशी परीक्षा, अभ्यासक्रम वा पदवी आली नाही. अभ्यासक्रम त्यांनी स्वतःच आखला आणि त्याचे शुल्क दृष्टी व संसार पणाला लावून भरले.