इरावती कर्वे : संस्थाजीवन आणि संशोधनदृष्टी

मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत इरावती कर्वे यांचा परिचय सामान्यतः ‘युगान्त’ आणि ललित निबंध यांच्या द्वारा होतो. तथापि त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग विद्यापीठीय प्रशासन, अध्यापन आणि क्षेत्रीय संशोधन यांत गेला. या कार्याचा विचार वगळल्यास त्यांच्या लेखनाचे मूल्यमापन अपुरे राहते.

त्यांचा जन्म ब्रह्मदेशातील म्यिंज्यान येथे 15 डिसेंबर 1905 रोजी झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शिक्षणासाठी त्यांना पुण्याच्या हुजूरपागेत पाठविण्यात आले व रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी त्या वाढल्या. फर्ग्युसन महाविद्यालयातून 1926 मध्ये तत्त्वज्ञान विषय घेऊन बी. ए. झाल्यावर त्यांनी मुंबईस डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावनांवर प्रबंध लिहिला व 1928 मध्ये एम. ए. पदवी मिळविली. महर्षी कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या जर्मनीला जाण्यास स्त्रीशिक्षणाचे अध्वर्यू असलेल्या महर्षींचाच विरोध होता, तर पतीचा पूर्ण पाठिंबा होता.

बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. कवटीच्या असममितीचा वंशाशी संबंध आहे, हे गृहीतक तपासण्यासाठी त्यांनी 149 कवट्यांची मोजमापे घेतली. असा संबंध आढळत नाही, हा निष्कर्ष त्यांनी गुरूच्या धारणेविरुद्ध जाऊन मांडला आणि 1930 मध्ये डॉक्टरेट मिळविली. पुढे या संस्थेचे संशोधन नाझी वंशवादाच्या सेवेस लागले, हे ध्यानी घेता या निष्कर्षाचे महत्त्व अधिकच जाणवते.

1931 ते 1936 या काळात त्या महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. या विद्यापीठास वैधानिक मान्यता 1951 मध्ये मिळाली. म्हणजे त्यांनी हा कारभार सांभाळला तो शासनमान्यतेच्या आधाराविना. 1939 मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा त्या तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या. विभागप्रमुख या नात्याने समाजशास्त्र व मानवशास्त्र यांची एकत्र बांधणी त्यांनी तेथे केली. डॉ. ह. धी. सांकलिया यांच्यासह गुजरातमधील लांघणज येथील उत्खननात त्या सहभागी झाल्या. 1947 मध्ये दिल्लीस भरलेल्या विज्ञान परिषदेच्या मानवशास्त्र शाखेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

जातिविचारात त्यांनी दुसऱ्या गुरूंपासूनही फारकत घेतली. जाती म्हणजे एका मूळ समाजाची शकले नव्हेत; एकच व्यवसाय करणारे, पण भिन्न उगमाचे अंतर्विवाही गट शेजारी येऊन हा समाज घडला, असे त्यांनी महाराष्ट्रातील मोजमापांच्या आधारे प्रतिपादिले. मात्र वंशगृहीतक नाकारणाऱ्या संशोधिकेने मानवमितीचे साधन पुढेही वापरावे, हा त्यांच्या कार्यातील एक अंतर्विरोध आहे आणि अभ्यासकाने तो टाळू नये.

1953 मधील भारतातील आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात त्यांनी देशाचे चार विभाग कल्पून नातेसंज्ञा व विवाहनियम तपासले. त्यात महाभारतही त्यांनी साधन म्हणून वापरले. ‘युगान्त’ (1967) मधील व्यक्तींकडे त्या कुल, नाते आणि वारसा यांच्या चौकटीतून पाहतात, त्याचे मूळ येथे सापडते. या ग्रंथास 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्यांच्या संशोधनाचे क्षेत्र प्राचीन समाजापुरते मर्यादित नव्हते. कोयना धरणाने विस्थापित झालेल्यांचे सर्वेक्षण त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केले व ते 1969 मध्ये प्रसिद्ध झाले. 11 ऑगस्ट 1970 रोजी त्यांचे निधन झाले.

दोन्ही गुरूंची मते त्यांनी आदर राखून, पण पुराव्यानिशी बाजूला सारली. महाकाव्यातील वंदनीय व्यक्तींनाही त्यांनी हाच न्याय लावला. म्हणून ‘युगान्त’ला केवळ ललित वा केवळ पुनर्कथन मानणे युक्त ठरत नाही. हा ग्रंथ अध्यापनास घेताना त्यामागील संशोधिकेचे संस्थाजीवनही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अगत्याचे आहे.