ते गीत लिहिणारे बिशप

आजचं वाचन : प्रकटीकरण ४:८



चार प्राणी अहोरात्र देवाला तीनदा पवित्र म्हणतात, इथवर आज पहाटे वाचलं आणि मी गुणगुणायलाच लागले. या वचनावरचं गीत इथे हिंगोलीत आम्ही लहानपणापासून मराठीत गातो. ते रचणारे बिशप रेजिनाल्ड हीबर आपल्या पुण्या-मुंबईला येऊन गेलेत, हे मला फार उशिरा कळलं.

हीबर १७८३ चे. इंग्लंडात हॉडनेट गावी पाळक असताना त्यांनी हे गीत त्रैक्य रविवारासाठी लिहिलं. १८१९ मध्ये मिशनकार्यासाठी आणखी एक लिहिलं. त्यात पूर्वेकडचा मुलूख सुंदर, माणूस तेवढा वाईट, असा भाव आहे. गांधीजींना तो खटकला. खरं सांगते, मलाही खटकतो. हीबरांनी तोवर आपला किनारासुद्धा पाहिला नव्हता!

१८२३ मध्ये ते कलकत्त्याचे बिशप होऊन आले. हिंदुस्थान, सिलोन, वर ऑस्ट्रेलियाही त्यांच्याच धर्मप्रांतात. पुढच्या जूनमध्ये दौऱ्याला निघाले. ढाका, काशी, अलमोडा, दिल्ली करत, नडियादला स्वामीनारायणांना भेटून १८२५ च्या एप्रिलात मुंबईला पोचले. पुणे कॅम्पातलं सेंट मेरीज चर्च त्याच साली त्यांनी समर्पित केलं.

आणि वाटेत माणसं दिसली. मग याच बिशपांनी लिहिलं की आमचे साहेब लोक इथल्यांशी उर्मटपणे बोलतात, त्यांना आपल्यात बसू देत नाहीत. कंपनीचा शेतसारा इतका जबर की संस्थानांतली रयत त्यापेक्षा बरी, असंही. (आमचा भाग तेव्हा निजामाकडे. इथली रयत कितपत बरी होती, ते आजे-पणजे जाणोत.) मुसलमान घरातून आलेल्या अब्दुल मसीह यांना त्यांनी त्याच वर्षी दीक्षा दिली.

ते जुनं गीत मात्र त्यांनी मागे घेतलं नाही. मी ते गात नाही. दुसरं सोडवत नाही.

३ एप्रिल १८२६. त्रिचनापल्ली. भल्या पहाटे तमिळ मंडळीची उपासना झाली, हीबरांनी तमिळ भाषेत आशीर्वाद दिला. उन्हातून बंगल्यावर आले, थंड पाण्यात अंघोळीला उतरले, ते तिथेच गेले. वय ४२.

पत्नी अमेलिया यांनी पुढच्या वर्षी त्यांची गीतं छापली. रविवारी आमच्या उपासनेत सुरुवातीचं गीत तेच आहे, पेटीवर मी आहे.