पुन्हा लंडनकडे

१९१७ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि भीमराव आंबेडकरांना लंडनमधील अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची मुभा तेवढी त्यांनी मिळवली होती. १९१३ मधील अमेरिकावारीमागे सयाजीराव महाराज होते; या खेपेची तजवीज मात्र स्वतःच करायची होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. वेतन दरमहा ४५० रुपये, म्हणजे त्या काळी चांगलेच. पण परळच्या चाळीतील संसार रमाबाईंनी काटकसरीनेच रेटला. शिल्लक टाकूनही रक्कम पुरेना, तेव्हा शाहू महाराजांनी साहाय्य केले आणि मित्र नवल भथेना यांनी ५,००० रुपये कर्जाऊ दिले. जुलै १९२० मध्ये भीमराव बोटीत चढले. रमाबाई मुलासह चाळीतच राहिल्या. १९२३ मध्ये लंडनची डी. एस्सी. पदवी मिळाली, प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न.