कुवेतची उम्म सौद

सुट्टीहून परतताना कढीपत्त्याचं रोप नाही, निदान तुळशीचं बी तरी बॅगेत टाकावं, असं आपल्यापैकी कोणाला वाटत नाही? मला मात्र उलट दिशेने रोपं पाठवणाऱ्या व्हायोलेट डिक्सन आठवतात.

१८९६ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या व्हायोलेटबाई १९२९ मध्ये कुवेतला आल्या. पती हॅरॉल्ड इथले ब्रिटिश पोलिटिकल एजंट. समुद्राकाठचं त्यांचं घर आजही उभं आहे. बदू लोक बाईंना उम्म सौद म्हणत. पावसानंतर वाळवंटात उगवणारी रोपं त्या गोळा करत, अरबी नावं विचारून घेत आणि नमुने लंडनच्या क्यू उद्यानाला पाठवत. त्यातली जांभळ्या फुलांची खुझामा शास्त्रज्ञांना नवीन निघाली. तिला हॉरवूडिया डिक्सोनिए हे बाईंचंच नाव मिळालं. १९५५ मध्ये त्यांचं कुवेत-बहरीनच्या रानफुलांवरचं पुस्तक निघालं.

१९५९ मध्ये पती गेले, तरी त्या इथेच राहिल्या. १९९० च्या इराकी आक्रमणानंतर मात्र त्यांना इंग्लंड गाठावं लागलं. १९९१ च्या जानेवारीत तिथेच त्या वारल्या.

आपली तुळस गॅलरीत जरूर लावू या. पण इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना खुझामाही ओळखता यायला हवी, नाही का?